लोकांना चालेल का?

आमच्या वॉर्डातल्या पक्षाच्या शाखेची ईमेल दर ऑक्टोबरात येते. मे महिन्यात कौन्सिलची निवडणूक असते, तिच्यासाठी आपला उमेदवार कोण हे सभासदांनी मत देऊन ठरवायचं, म्हणून ही सभा. यंदाही ईमेल आली. मी हॉस्पिटलच्या लॅबमधून चहासाठी बाहेर आले होते. दोन ओळी वाचल्या आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. कान तापल्यासारखे झाले. वय पंचावन्न, चारचौघींत मान असलेली बाई मी, आणि एका साध्या निमंत्रणाने शाळेत पकडलेल्या मुलीसारखी खाली मान घालून बसले.

लंडनशेजारच्या आमच्या वॉटफर्डला या दिवसांत फुटपाथवर ओली पानं चिकटून बसतात. बुटाला लागून घरात येतात, पायपुसण्यावर वाळतात. पाच वाजता उजेड असतो, पण त्यात काही जीव नसतो. घराघरांत हीटिंग पहिल्यांदा चालू होतं आणि रेडिएटरवर उन्हाळाभर बसलेली धूळ तापून एक करपट वास सुटतो. हा वास इथल्या सगळ्यांना घरपणाचा वाटतो. मलाही वाटायचा. आता तो आला की मला कम्युनिटी हॉल दिसतो, एकात एक रचलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या दिसतात, आणि खुर्चीवरून उठून उभी राहिलेली मी दिसते.

तीन वर्षं झाली त्याला.

ग्रेस आमच्याच हॉस्पिटलात मिडवाइफ. आईवडील घानाचे, ती जन्मली-वाढली लंडनमध्ये. उंच, काळीभोर, हसली की कॅन्टीनच्या दुसऱ्या टोकाला कळावं असं हसणारी. आमची ओळख झाली ती बसमुळे. मिल रोडपलीकडच्या वस्तीतून हॉस्पिटलला येणारी बस बंद झाली तेव्हा ग्रेस क्लिपबोर्ड घेऊन दारोदार सह्या गोळा करत फिरली. एका शनिवारी बसस्टॉपवर तिने मला थांबवलं. मी सही केली, आणि का कोण जाणे, म्हणाले, "अजून एक क्लिपबोर्ड आहे का?" त्या हिवाळ्यात आम्ही दोघींनी मिळून तो सगळा भाग पालथा घातला. बस परत सुरू झाली. पहिल्या दिवशी आम्ही दोघी उगाचच त्या बसमध्ये बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत गेलो आणि त्याच बसने परत आलो. मी तिला माझ्या डब्यातलं लिंबाचं लोणचं दिलं. ती ते चिप्सना लावून खात होती आणि ड्रायव्हरकडे बघून हात हलवत होती.

तिच्यामुळेच मी पक्षाची सभासद झाले. माझ्यामुळे आमची मुलगी ईशा सभासद झाली, आमचे हे झाले, आणि ओळखीची चार-पाच मराठी घरं झाली. पंचवीस वर्षं या देशात राहून मी मत देण्यापलीकडे काही केलं नव्हतं. आता शनिवारी सकाळी लीफलेटचा गठ्ठा पिशवीत घालून निघायचं, ही एक वेगळीच मजा होती. गावाची ओळख मला खरी त्या दिवसांत झाली. कुठल्या दारातल्या टपालाच्या फटीचा ब्रश बोटं सोलतो, कुठल्या दारामागे कुत्रं दबा धरून असतं, कुठल्या घरातून अकरा वाजताच भाजलेल्या कोंबडीचा वास येतो. दार उघडतं आणि घाईत टॉवेल डोक्याला गुंडाळलेली बाई आधी वैतागते, मग ग्रेसला बघून किंचाळते, "तू! माझा जेकब तुझ्या हातचा!" असं किती दारांवर झालं. तो भाग म्हणजे नव्वद टक्के गोरा, हातावर पोट असलेला. त्यातली निम्मी मुलं या बाईच्या हातांनी जगात आली होती.

पण एक दार होतं. निळ्या रंगाचं. दार उघडणारा साठीचा माणूस माझ्याशीच बोलत राहिला. प्रश्न ग्रेस विचारत होती, उत्तरं तो मला देत होता. शेवटी लीफलेटही त्याने माझ्याच हातून घेतलं. फाटकाबाहेर आल्यावर मी ग्रेसकडे बघितलं. ती यादीवर खूण करत म्हणाली, "पुढचं घर चौदा नंबर. चौदाला कुत्रा आहे, तू पुढे हो." आणि हसली. मी हसले नाही. ते दार मी मनात जपून ठेवलं. जेकबच्या आईला विसरले, निळं दार विसरले नाही.

त्या ऑक्टोबरात ग्रेसने उमेदवारीसाठी नाव दिलं. समोर कॉलिन होता. निवृत्त भूगोल शिक्षक, सभ्य, कोपराला कातड्याचा तुकडा लावलेलं जॅकेट घालणारा. त्याच्याबद्दल कुणाला वाईट बोलता यायचं नाही, आणि फार चांगलं बोलण्यासारखंही त्याने काही केलं नव्हतं. मिल रोडपलीकडे तो एकदाही आल्याचं मला आठवत नाही.

ग्रेसने आपलं भाषण आधी मला ऐकवलं. कॅन्टीनमध्ये, खिडकीजवळच्या टेबलावर, कागदाच्या चार घड्या करून. मध्येच थांबून विचारायची, "हे फार बढाईखोर वाटतं का?" मी म्हणायची, "मुळीच नाही." शेवटी तिने पेन पुढे केलं. "मेधा, तू हुशार आहेस. कुठे अडकेन मी? कुठला प्रश्न मला अवघड जाईल?"

मी म्हणाले, "कुठलाच नाही."

हे मी खोटं बोलले, असं त्या क्षणी मला वाटलं नाही.

त्याच आठवड्यात देशमुखांचा फोन आला. डॉक्टर देशमुख म्हणजे आमच्यातले ज्येष्ठ, हॅरोच्या गणपतीपासून लग्नांपर्यंत सगळीकडे पुढे असणारे. माझ्या आग्रहावरून सभासद झालेले. "वहिनी, मतं कुणाला द्यायची ते एकदा सांगून टाका."

"ग्रेस माझी मैत्रीण आहे," मी म्हणाले. "पण तुम्ही विचार करून द्या."

"तेच म्हणतोय. बाई चांगली आहे, प्रश्नच नाही. आपल्याला तसं काही नाही हो. पण जिंकायला नको का? तिकडच्या गोऱ्या लोकांना चालेल का ती?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "तेही खरंच."

एवढेच दोन शब्द. फोन ठेवून मी पोळ्या करायला गेले.

त्या वर्षांत अमेरिकेतल्या प्रायमरीच्या बातम्या आम्ही टीव्हीवर मन लावून बघायचो. अध्यक्षपदाचा उमेदवार कोण हे तिथे पक्षाचे मतदार आधी आपसात ठरवतात. नकाशे रंगवत कुणी तज्ज्ञ सांगायचे, काळे मतदार कुणाच्या मागे, गोरे कुणाच्या मागे. एक काळी बाई कॅमेऱ्यासमोर म्हणाली होती, "माझं मन आमच्या माणसाकडे आहे, पण मत मी दुसऱ्याला देईन, कारण गोरे त्याला निवडून येऊ देणार नाहीत." सोफ्यावर पाय घेऊन चहा पिता पिता मी म्हणाले होते, "काय हे लोक! एकविसाव्या शतकात कातडी बघून मत देतात." आमच्या ह्यांनी मान डोलावली होती. किती स्वच्छ, किती उंचावर बसलो होतो आम्ही.

सभेच्या संध्याकाळी हॉलमध्ये तीसेक माणसं असतील. चहाच्या मोठ्या भांड्यातून वाफ येत होती, रेडिएटर तो करपट वास सोडत होते. आमच्या मराठी मंडळींची एक आख्खी रांग होती. मागे जिल बसली होती, शाखेची जुनी कार्यकर्ती, जिच्याशिवाय पान हलत नाही अशी. आधी कॉलिन बोलला. झाडं, लायब्ररी, पार्किंग. दोन प्रश्न झाले, तेही पार्किंगचे. तो बाहेर गेला आणि ग्रेस आत आली.

ती सुंदर बोलली. कागद उघडलाही नाही. बोलताना तिची नजर सभेवरून फिरत माझ्यापाशी येऊन विसावायची आणि पुन्हा पुढे जायची. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी विचारलं, "प्रश्न?"

कुणी हात वर केला नाही. आणि मी उभी राहिले.

का उभी राहिले, याचा मी तीन वर्षं विचार करते आहे. सगळ्यांना माहीत होतं की ग्रेस माझी मैत्रीण. मला वाटलं, हिला पाठिंबा देते ती रंगाला रंग म्हणून देते, असं या गोऱ्या मंडळींना वाटू नये. मी निःपक्ष दिसावं. समंजस, व्यवहारी, त्यांच्यातली एक दिसावं. हे मला पुष्कळ नंतर कबूल करता आलं. तेव्हा मात्र मी जबाबदार आवाजात म्हणाले, "ग्रेस, तुझं काम आम्ही सगळे जाणतो. माझा स्वतःचा काहीच प्रश्न नाही. पण मिल रोडपलीकडे फिरताना मी काही प्रतिक्रिया पाहिल्या आहेत. तिथले मतदार तुला स्वीकारतील, याची तुला खात्री आहे का?"

'काही प्रतिक्रिया' म्हणजे एक दार. एकच.

हॉलमध्ये असं काहीतरी झालं की ते कानांना कळलं. खुर्च्या किरकिरायच्या थांबल्या. ग्रेस माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. जिन्याची एक पायरी कमी निघावी आणि पाय हवेत पडावा, तशी. ती म्हणाली, "त्यांनी मला आपल्या घरात, त्यांच्या सगळ्यात कठीण वेळेला स्वीकारलं आहे. मतासाठीही स्वीकारतील अशी आशा आहे." उत्तर चांगलं होतं, पण आवाज आपल्या जागी नव्हता. आणि मग हात वर यायला लागले. एकाने विचारलं, "मेधा म्हणते त्या प्रतिक्रियांबद्दल जरा सांगशील?" दुसरा म्हणाला, "आपल्याला अर्थातच अडचण नाही, पण जिंकण्याचा विचार करावा लागतो." मेधा म्हणते त्याप्रमाणे. मेधाने म्हटलं तसं. माझं नाव मी त्या हॉलमध्ये कधी इतक्या वेळा ऐकलं नव्हतं.

चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. मी ग्रेसच्या नावापुढे खूण केली. हो, मत मी तिलाच दिलं, आणि कितीतरी महिने त्या मताच्या आडोशाला उभी राहिले. पण एक मत देऊन मी किती घालवली होती, ते मोजणीत कळलं. थोड्या मतांनी कॉलिन उमेदवार ठरला. ग्रेसने त्याचा हात हातात घेऊन हलवला, मग खुर्च्या रचायला लागली.

मी कोट घालत असताना जिल जवळ आली. माझ्या दंडावर हात ठेवून हळूच म्हणाली, "थँक यू, मेधा. फार बरं झालं तू बोललीस. आमच्या सगळ्यांच्या मनात होतं, पण आम्ही कसं विचारणार? तुझ्या तोंडून आलं ते योग्य झालं."

लोक आभार मानतात तेव्हा आपण हसतो. मीही हसले. ते हसू अजून माझ्या चेहऱ्यावर कुठेतरी चिकटलेलं आहे असं मला वाटतं.

गाडीत ईशा मागे बसली होती. ती बावीस वर्षांची, जन्म इथला. तिचं मराठी म्हणजे लिंग आणि क्रियापद यांची कायम भांडणं, आणि मी ती कायम सोडवणारी. गाडी सिग्नलला थांबली. मग ती म्हणाली, "आई, कॉलिनला का नाही विचारली तू तो क्वेश्चन?"

"अगं, त्याला कशाला…"

"एक्झॅक्टली."

हे म्हणाले, "ईशा, आई प्रॅक्टिकल बोलली. पॉलिटिक्समध्ये असं बघावंच लागतं."

"बाबा, प्लीज. तिने त्यांना परमिशन दिली. ब्राउन लेडी बोलली ना, मग सगळ्यांना ओके झाला." ती खिडकीबाहेर बघत होती. "मला तुझा लाज वाटला, आई."

लाज स्त्रीलिंगी आहे. ती वाटते. जिभेच्या टोकावर आलेली दुरुस्ती मी गिळली. वायपर चालू होते, काचेवर एक पिवळं पान इकडून तिकडे ओढलं जात होतं, आणि मला वाटलं, या मुलीने आयुष्यात इतकं शुद्ध वाक्य कधी बोललेलं नाही.

मी मिरजेची. आमच्याकडे माझ्या धाकट्या मावशीला बघायला लोक यायचे. मावशी सावळी होती, सावळीपेक्षा थोडी जास्तच. चहा-पोहे खाऊन जाताना बायका माझ्या आजोळच्यांना म्हणायच्या, "मुलगी गुणाची आहे हो. आम्हाला काही नाही, पण घरात मोठी माणसं आहेत, त्यांना चालायला हवं." प्रत्येक घरात अशी न दिसणारी मोठी माणसं असायची. मावशी आत भांडी घासत हे सगळं ऐकायची. मी सात-आठ वर्षांची, तिच्याजवळ बसून मला त्या बायकांचा इतका राग यायचा की मी त्यांच्या चपला अंगणातल्या चिखलात उलट्या टाकून यायचे. आणि पन्नाशी ओलांडल्यावर परदेशातल्या एका हॉलमध्ये मी तेच वाक्य इंग्रजीत बोलले, उत्तम उच्चारांत. माणूस आपला नकार स्वतःच्या नावावर कधीच ठेवत नाही. तो 'लोकां'च्या नावावर ठेवतो आणि हात धुऊन टाकतो.

आणि 'मला काही नाही' हे तरी खरं होतं का? इथे आले त्या पहिल्या वर्षी भाड्याचं घर बघताना मालकिणीने जरा डोळे बारीक केले, तेव्हा मी घाईघाईने म्हणाले होते, "आम्ही इंडियन आहोत." काय सांगत होते मी तिला? की आम्ही कोण आहोत, की आम्ही कोण नाही?

ग्रेस कामावर पूर्वीसारखीच भेटत राहिली. 'हॅलो मेधा', 'बाय मेधा'. फक्त जेवायला आमच्या वेळा जुळेनाशा झाल्या. हिवाळाभर तिने कॉलिनची लीफलेटं वाटली, मिल रोडपलीकडे, एकटीने. मी मुख्य रस्त्याची बाजू मागून घेतली.

मे महिन्यात कॉलिन हरला. निवडून आला तो दुसऱ्या पक्षाचा माणूस, एक अकाउंटंट, आईवडील नायजेरियाचे, ग्रेसइतकाच काळा. मतदानाच्या दिवशी मी मुद्दाम त्या निळ्या दारावरून गेले. खिडकीत त्याच अकाउंटंटचा फोटो लावलेला होता. मी रस्त्यात उभी राहून त्या फोटोकडे बघत राहिले. त्या दिवशी तो म्हातारा ग्रेसशी का बोलला नाही, मला आजही माहीत नाही. मी वाचलं तेच कारण असेल, नसेलही. पण लोकांना चाललं. ज्या लोकांच्या नावाने मी बोलले होते, त्यांनी मला तसं बोलायला कधी सांगितलंच नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मी ग्रेसला हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाठलं आणि माफी मागितली. लांबलचक, तयार केलेली माफी. तिने ती पूर्ण ऐकून घेतली.

"मत तू मलाच दिलंस, हे मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"कारण तू चांगली बाई आहेस, मेधा. तीच तर अडचण आहे." तिने गाडीची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मी तुला कॅन्टीनमध्ये विचारलं होतं, कुठे अडकेन. तिथे विचारलं असतंस तर मी तुझ्याशी भांडले असते, रडले असते, आणि रात्रभर बसून उत्तर तयार केलं असतं. तू ते सगळ्यांसाठी राखून ठेवलंस."

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

"चल, मला ड्यूटी आहे," ती म्हणाली आणि गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. केलं नाही असंही म्हणाली नाही. नंतर हळूहळू आमच्या जेवणाच्या वेळा पुन्हा कधीतरी जुळू लागल्या. ती उमेदवारीसाठी मात्र पुन्हा उभी राहिली नाही. "एकदा झालं," म्हणते.

यंदाची ईमेल आली त्याच्या तिसऱ्या दिवशी ग्रेसने मला घरी बोलावलं. तिची ऐंशी पार केलेली आई गेल्या महिन्यात लंडनहून तिच्याकडे राहायला आली आहे. "तिला तुला भेटायचंय," एवढंच म्हणाली. मी फळं घेऊन गेले. म्हातारी खिडकीशी खुर्चीत बसली होती, डोक्याला रंगीत कापड बांधलेलं, गुडघ्यावर शाल. तिने माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. हात कोरडे आणि गरम होते.

"तीच ना तू?" ती म्हणाली. "ग्रेसने सांगितलं मला. त्या सभेत सगळे गप्प बसले होते. एकटी मेधा उभी राहिली."

मी ग्रेसकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने आईला हरण्याचं कारण काय सांगितलं होतं कोण जाणे. ऐंशी वर्षांत त्या बाईने अशी कारणं पुष्कळ ऐकली असणार. त्यात आणखी एक, तेही मुलीच्या मैत्रिणीकडून आलेलं, ग्रेसने तिच्यापर्यंत पोचू दिलं नव्हतं.

"आँटी," मी म्हणाले, "तसं नाही…"

ग्रेसने मान हलवली. अगदी थोडी. नाही.

"लाजू नकोस," म्हातारी म्हणाली. "उभं राहायला धीर लागतो. ग्रेस, हिला केक दे. मोठा तुकडा दे." ग्रेसने बशी माझ्या हातात दिली. म्हातारी मी खाते की नाही ते बघत होती. मी खाल्ला. बशी रिकामी झाल्यावर तिने स्वतःच्या बशीतला तुकडा उचलून माझ्या बशीत ठेवला.

मी तोही खाल्ला.